दोन सेकंदांचा कॅमेरा: सोनी आरएक्स१०० मार्क ४

काडी पेटीवर ओढल्यापासून तिची ज्योत स्थिरावेपर्यंत जेमतेम एक सेकंद जातो. तो सेकंद सोनी आरएक्स१०० मार्क ४ या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याने सेकंदाला १००० फ्रेमच्या गतीने टिपला आणि २५ फ्रेमच्या गतीने पडद्यावर पाहिला, की तो ४० सेकंद चालतो. गुलाच्या एका कडेला आधी धूर फुटतो, मग दोन-तीन ठिणग्या आडव्या उडतात, आणि त्यानंतर आग गुलाभोवती वळसा घालत पुढे सरकते. काडीचे लाकूड पेट घेते ते या सगळ्यानंतर, बऱ्याच सावकाशीने. हे दृश्य मला नवव्या काडीला मिळाले. आधीच्या आठ काड्यांपैकी निम्म्या वेळा बटण दाबायला उशीर झाला होता आणि उरलेल्या वेळा ज्योत पांढऱ्या डागासारखी दिसत होती, कारण मी प्रकाशाचे माप न पेटलेल्या काडीवरून ठरवले होते. दोन्ही चुका माझ्याच होत्या, पण त्यांतूनच या कॅमेऱ्याचा स्वभाव मला कळला. मंदगती चित्रणात तो तुम्हाला एका वेळी दोन सेकंद देतो, आणि ते कोणते हे ठरवण्याची जबाबदारी मात्र पूर्णपणे तुमच्यावर टाकतो.

हा कॅमेरा जून २०१५ मध्ये जाहीर झाला, आकाराने मोठ्या असलेल्या आरएक्स१० मार्क २ बरोबर. एक इंची म्हणून ओळखला जाणारा, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा सेन्सर, २०.१ मेगापिक्सेल, ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबात २४ ते ७० मिलिमीटरच्या तोडीची, एफ/१.८ ते एफ/२.८ छिद्राची (आकडा लहान तितके छिद्र मोठे) झाइस लेन्स आणि बॅटरी-कार्डासह २९८ ग्रॅम वजन, ही त्याची ओळख आधीच्या मार्क ३ पेक्षा फारशी वेगळी वाटत नाही. खरा बदल सेन्सरच्या पाठीमागे झाला. प्रकाश टिपणारा थर आणि त्याची आकडेमोड करणारी मंडले एकाच पातळीवर शेजारी शेजारी न ठेवता एकाखाली एक रचण्यात आली आणि त्या रचनेलाच डीरॅम स्मृती जोडण्यात आली, त्यामुळे आलेला माल आधी गोदामात टाकावा आणि हिशोब मागाहून निवांत करावा, तसे या कॅमेऱ्याला करता येते. सेन्सर वाचण्याचा वेग आधीच्या पिढीच्या पाचपटींहून अधिक झाल्याचे कंपनी सांगते. सामान्य ग्राहकांसाठीच्या कॅमेऱ्यांत मंदगती चित्रण तोवर नव्हतेच असे नाही. कॅसिओच्या २००८ सालच्या ईएक्स-एफ१ मध्ये सेकंदाला १२०० फ्रेम टिपता येत होत्या, परंतु त्यांचा आकार ३३६ बाय ९६ पिक्सेल, म्हणजे एखाद्या पट्टीएवढा असे. ज्यांनी ते चित्रण पाहिले आहे त्यांना मार्क ४ ची झेप निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

तरीही खोक्यावर छापलेल्या आकड्यांकडे जरा डोळसपणे पाहायला हवे. पाल आणि एनटीएससी या चित्रणाच्या दोन प्रचलित पद्धती; पाल पद्धतीत २५०, ५०० आणि १००० फ्रेम, एनटीएससी पद्धतीत २४०, ४८० आणि ९६० फ्रेम, असे तीन वेग या कॅमेऱ्यात आहेत, आणि तिन्ही वेगांचे चित्रण कार्डावर १९२० बाय १०८० याच आकारात उतरते. मात्र सेन्सरवरून प्रत्यक्षात वाचलेले चित्र तेवढे नसते. दर्जाला प्राधान्य देणारा पर्याय निवडला तर पहिल्या वेगाला १८२४ बाय १०२६, दुसऱ्याला १६७६ बाय ५६६ आणि तिसऱ्याला केवळ ११३६ बाय ३८४ पिक्सेल वाचले जातात. उरलेली भर कॅमेरा ताणून घालतो. आकडेमोड केली तर पूर्ण एचडी चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५० फ्रेमला त्यांतले १८.७ लाख अस्सल असतात आणि १००० फ्रेमला जेमतेम ४.४ लाख. चित्रणाच्या कालावधीला प्राधान्य देणारा दुसरा पर्याय दोन सेकंदांऐवजी चार सेकंद देतो, पण त्या बदल्यात प्रत्येक वेगाच्या चित्राचा आकार एक पायरी खाली उतरतो आणि सर्वांत वरच्या वेगाला ८०० बाय २७० पिक्सेल तेवढे उरतात. हा दुसरा पर्याय मी दोनदा वापरला आणि सोडून दिला. चार सेकंदांची धूसर चित्रफीत हाती असण्यापेक्षा दोन सेकंदांची स्वच्छ चित्रफीत हुकलेली मला परवडते, कारण हुकलेली पुन्हा घेता येते.

तीन वेगांत कामाचा कोणता, हे विचाराल तर माझे उत्तर २५० असे आहे. त्या वेगाला चित्र दहापट मंद होते, दोन सेकंदांचे वीस सेकंद होतात, आणि नेहमीच्या एचडी चित्रणात ते तुकडे मिसळले तर पाहणाऱ्याला दर्जातला फरक सहसा जाणवत नाही. ५०० फ्रेमला कापडाची वीण, केस, पाण्याचे बारीक तुषार यांच्या कडा दातेरी दिसू लागतात, आणि १००० फ्रेमला तपशिलाची अपेक्षाच ठेवू नये. तिथे हालचाल पाहायची असते. काडीची ज्योत, फुटणारा फुगा, पाण्यात पडणारा थेंब अशा साध्या आकारांच्या आणि ठळक कडांच्या विषयांना १००० फ्रेम शोभतात. माणसाच्या चेहऱ्याला त्या शोभत नाहीत, आणि ८० सेकंद एकच चेहरा हळूहळू हसताना पाहण्याची कोणाची तयारीही नसते.

याहून मोठी अडचण उजेडाची आहे. सेकंदाला १००० फ्रेम टिपायच्या तर प्रत्येक फ्रेमसाठी शटर जास्तीत जास्त सेकंदाचा हजारावा भाग उघडे राहू शकते, तर नेहमीच्या २५ फ्रेमच्या चित्रणात ते पन्नासावा भाग उघडे ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश थेट विसाव्या हिश्श्यावर येतो. दिवाणखान्यातला जो दिवा डोळ्यांना लखलखीत वाटतो, तो या वेगाला मिणमिणत्या पणतीसारखा ठरतो आणि कॅमेरा आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवत नेऊन चित्रात रवाळपणा भरतो. एफ/१.८ ची लेन्स येथे खरोखर उपयोगी पडते, पण ते छिद्र फक्त रुंद टोकाला मिळते. थोडे झूम केले की ते आक्रसते. त्यामुळे झूम करण्याऐवजी कॅमेरा विषयाच्या जवळ नेणे आणि खिडकीतून येणाऱ्या थेट उन्हात काम करणे, हेच मंदगती चित्रणाचे पहिले उपकरण आहे असे मी मानते.

कृत्रिम दिव्यांबाबत एक फसगत सांगून ठेवते. एका संध्याकाळी मी ट्यूबलाइटखाली बसून पत्त्यांचा कॅट पिसतानाचे कितीतरी तुकडे घेतले. छोट्या पडद्यावर ते बरे वाटले, संगणकावर मात्र प्रत्येक तुकडा छातीच्या ठोक्यासारखा उजळत आणि मंदावत होता. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर असा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. डोळ्यांना ते कळत नाही, २५ फ्रेमच्या चित्रणातही ते बहुधा लपते, पण १००० फ्रेमला दर दहा फ्रेममागे एक ठोका स्पष्ट उमटतो. पुरवठा ६० हर्ट्झचा असेल तर ठोके १२० होतात, एवढाच फरक. अनेक स्वस्त एलईडी दिव्यांचे वागणे याहून वाईट असते. ज्यांच्या तारेला थंड व्हायला वेळ लागतो ते जुने पिवळे बल्ब आणि हॅलोजन दिवे त्यामानाने सौम्य वागतात. सूर्याची सर कशालाच नाही. ती संध्याकाळ मी अख्खी पुसून टाकली.

मंदगती चित्रणाची कृती थोडी विचित्र आहे आणि माहितीपुस्तिका न वाचता ती जमेल अशी आशा धरू नये. वरची तबकडी एचएफआर (हाय फ्रेम रेट) खुणेवर न्यायची, चौकट नीट लावायची, मग मधले बटण दाबून कॅमेऱ्याला सज्ज अवस्थेत आणायचे आणि त्यानंतर योग्य क्षणी चित्रणाचे बटण दाबायचे. सज्ज अवस्था लागताच फोकस, झूम आणि प्रकाशाचे माप जिथल्या तिथे गोठते. काडीची ज्योत पांढरी झाली ती यामुळेच. उपाय एवढाच की आधी एक काडी नुसती पेटवून तिच्या उजेडावर माप हाताने ठरवायचे, मग दुसरी काडी ओढायची, आणि सुरुवातीचा भाग काळोखात गेला तरी वाईट वाटून घ्यायचे नाही.

या सगळ्या कृतीत जी एक सोय मनापासून आवडावी ती म्हणजे शेवटाचा ट्रिगर. सुरुवातीचा ट्रिगर निवडला तर बटण दाबल्यानंतरचे दोन सेकंद टिपले जातात. शेवटाचा निवडला तर बटण दाबण्याआधीचे दोन सेकंद. सज्ज अवस्थेत कॅमेरा सतत टिपत आणि विसरत असतो, आणि तुम्ही बटण दाबलेत की विसरणे थांबवतो. माझ्या गॅलरीच्या कठड्यावर एक कबुतर येऊन बसते. ते उडेल तेव्हा बटण दाबू म्हणून मी सुरुवातीच्या ट्रिगरवर अनेकदा वाट पाहिली आणि दर वेळी मला रिकामा कठडा मिळाला. शेवटाच्या ट्रिगरवर मात्र ते उडून गेल्यावर, अगदी एक निःश्वास टाकून बटण दाबले तरी चालले. चित्रफितीत आधी त्याचे पाय वाकतात, शरीर पुढे झुकते, पंख वर जाऊन पाठीमागे एकमेकांना टेकतात आणि मग नखे कठड्यावरून सुटतात. पाय सुटण्याआधी पंख टेकतात, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

टिपून झाल्यावर मात्र धीर धरावा लागतो. गोदामातला माल कार्डावर उतरवायला कॅमेऱ्याला वेळ लागतो, वेग जितका अधिक तितका हा वेळ लांबतो, आणि तोवर दुसरे काही टिपता येत नाही. कबुतर परत येईपर्यंत हे उरकते. लहान मुले पाण्यात उड्या मारत असतील तर चौथी, पाचवी आणि सहावी उडी तुम्ही नुसती डोळ्यांनी पाहता.

पाण्याच्या थेंबासाठी मी बराच वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. अतिवेगवान छायाचित्रणाचे अमेरिकन प्रवर्तक हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ साली टिपलेला दुधाच्या थेंबाचा मुकुट बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. तो एका क्षणार्धाच्या झगमगाटात टिपलेला स्थिर फोटो होता, येथे त्या मुकुटाचे उगवणे आणि मावळणे दोन्ही दिसते. पसरट वाडग्यात काठोकाठ पाणी, वर टांगलेली छिद्र पाडलेली पिशवी, बाजूने ऊन, एवढी तयारी पुरते. थेंब पडतो त्या जागी पेन्सिलीचे टोक धरून हाताने फोकस लावायचा आणि पेन्सिल काढून घ्यायची, कारण नुसत्या पाण्यावर आपोआप फोकस लावायला सांगितले तर कॅमेरा वाडग्याची कड पकडतो. रुंद टोकाला ही लेन्स ५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊ शकते, पण तेवढ्या जवळ गेले की कॅमेऱ्याचीच सावली पाण्यावर पडते. पूर्ण झूमला किमान अंतर ३० सेंटीमीटर होते आणि सावली टळते. मी मधला मार्ग काढला, ५०० फ्रेम ठेवल्या, आणि मुकुट विरल्यावर मधोमध उभा राहणारा पाण्याचा खांब व त्याच्या टोकावरून सुटून पुन्हा वर जाणारा लहानसा मणी असे दोन्ही मिळाले. या चित्रणात आवाज नसतो. मंदगतीत कॅमेरा ध्वनी टिपतच नाही, आणि टपकन् पडणारा थेंब अशा पूर्ण शांततेत पाहणे मला तरी अधिक भावते.

आता ४के कडे येऊ. मंदगतीत जो दर्जा सोडून द्यावा लागतो तो येथे सव्याज परत मिळतो. ३८४० बाय २१६० पिक्सेल, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे ८३ लाख, आणि तेही पिक्सेलच्या ओळी न गाळता, सेन्सरवरचे सर्व पिक्सेल वाचून लहान केलेले असल्यामुळे चित्र अतिशय टोकदार येते. झाडाची दूरची पाने किंवा विटांची भिंत वळवळल्यासारखी दिसत नाही. वेग पाल पद्धतीत २५ फ्रेमचा आणि एनटीएससीत २४ किंवा ३० फ्रेमचा. ४के मध्ये ५० किंवा ६० फ्रेमची सोय नाही, म्हणून ४के आणि मंदगती या दोन गोष्टी एकाच वेळी मागता येत नाहीत. मी बहुतेक काम शेवटी पूर्ण एचडीतच पूर्ण करते, आणि त्यासाठी ४के मधून घेतलेले चित्र फार सोयीचे पडते. संकलनाच्या वेळी चौकटीचा चौथा हिस्सा कापून घेतला तरी तो पूर्ण एचडी भरतो, त्यामुळे एकाच चित्रणातून लांबचा आणि जवळचा असे दोन कोन काढता येतात.

मर्यादा मात्र येथेही ठरलेल्या मापाची आहे: ४के चे सलग चित्रण सुमारे पाच मिनिटांवर थांबते. भाषण, नाटकाचा प्रवेश किंवा गायनाची मैफल टिपू पाहणाऱ्याने हा कॅमेरा घेऊच नये. फिरताना टिपलेली दृश्ये, कारागिराचे हात, बाजारातली वर्दळ यांच्यासाठी पाच मिनिटे पुष्कळ होतात. माझा सर्वांत लांब कामाचा तुकडा दीड मिनिटाचा भरला. सर्वोच्च दर्जा सेकंदाला १०० मेगाबिटचा आहे, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, पाच मिनिटांना पावणेचार गिगाबाइट, आणि ६४ गिगाबाइटच्या कार्डात जेमतेम दीड तासाच्या आतले चित्रण. कार्डावर यू अक्षराच्या पोटात ३ चा आकडा असल्याची खात्री करून घ्यावी, नाहीतर १०० मेगाबिटचा पर्याय कॅमेरा स्वीकारत नाही.

एक लहानशी गोष्ट जिची जाहिरातीत फारशी वाच्यता होत नाही, ती म्हणजे आत बसवलेला एनडी फिल्टर, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी करणारी करडी काच. भर उन्हात आयएसओ १२५ ठेवून शटर पन्नासाव्या भागावर धरले तर या लेन्सचे सर्वांत लहान छिद्र, एफ/११, देखील पुरत नाही आणि चित्र पांढरे पडते. फिल्टर चालू केला की प्रकाश आठव्या हिश्श्यावर येतो आणि एफ/८ च्या पुढेमागे सगळे जागेवर बसते, चालणाऱ्या माणसाच्या पायांना हवी तेवढी अस्पष्टता राहते आणि हालचाल तुटक दिसत नाही. या मालिकेतल्या मार्क ६ आणि मार्क ७ मधून हा फिल्टर गेला आहे, याचे मला नवल वाटते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बाहेरचा मायक्रोफोन जोडायला जागा नाही, त्यामुळे आवाज महत्त्वाचा असेल तर तो वेगळ्या यंत्रावर घ्यावा लागतो. फोकसची पद्धत कॉन्ट्रास्टवर आधारलेली आहे, म्हणजे चित्र सर्वांत ठळक दिसेपर्यंत लेन्स पुढेमागे करून पाहते, म्हणून पुढेमागे सरकणाऱ्या विषयावर ती किंचित चाचपडत जाते. सावकाश हालचालींना ती पुरेशी आहे. पडदा वर १८० अंश आणि खाली ४५ अंश वळतो पण स्पर्शाला दाद देत नाही. बाजूने उडी मारून बाहेर येणारा दृश्यदर्शक उन्हात फार उपयोगी आहे. शरीर इतके गुळगुळीत आहे की मी पहिल्याच आठवड्यात पुढे रबराची पट्टी चिकटवली. कॅमेरा हातात धरून ४के घ्यायचे असेल तर श्वास आवरायला शिकावे लागते, कारण थरथर रोखण्याची सर्वांत जोरकस पद्धत ४के मध्ये मिळत नाही. मी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात ताणून धरते, आणि मंदगतीसाठी तर ट्रायपॉडशिवाय बसतच नाही.

हा घ्यायचा की याच्या पुढचा, असा प्रश्न आज पडणारच. २०१६ च्या मार्क ५ मध्ये फेज पद्धतीचा, म्हणजे लेन्स कुठे न्यायची हे न चाचपडता ओळखणारा, फोकस आला आणि मंदगतीचा कालावधी जवळपास दुप्पट झाला; ज्यांचा विषय सांगून येत नाही, म्हणजे पक्षी, खेळाडू, लहान मुले, त्यांनी तो पाहावा. ज्यांना टेबलावर मांडता येण्याजोगे विषय हवेत, थेंब, ज्योत, फुगे, यंत्राचे सुटे भाग, त्यांना मार्क ४ चे दोन सेकंद पुरतील. घेताना १२४० मिलिअँपिअर-तासाच्या दोन जादा बॅटऱ्या हिशोबात धराव्यात. स्थिर फोटोंसाठी एका बॅटरीवर २८० चा आकडा दिलेला आहे, पण सज्ज अवस्थेत ताटकळणारा कॅमेरा फोटो न काढताही बॅटरी खात असतो. मी घराबाहेर पडताना तीन बॅटऱ्या नेते. एक ४के मध्ये जाते, एक मंदगतीत, आणि घरी राहिले तर तिसरी बहुधा त्या कबुतराची वाट पाहण्यात संपते.